पहिलं लाकडी जहाज: डोरी, ब्लूनोज की थेट व्हिक्टरी?

लाकडी जहाजांच्या मॉडेलकडे नव्याने वळलेला माणूस हमखास व्हिक्टरी या ब्रिटिश युद्धनौकेवर बोट ठेवतो. साहजिकच आहे. १७६५ साली पाण्यात उतरलेलं, १०४ तोफांचं, ट्रफाल्गरच्या लढाईत ब्रिटिश आरमारप्रमुख नेल्सनला ज्याच्या डेकवर गोळी लागली ते जहाज आपल्या दिवाणखान्यात असावं असं कुणाला नाही वाटणार? मुरलेली मंडळी त्याला म्हणतात, आधी एखादी होडी कर. मग स्वारीचा चेहरा पडतो. सल्ला बरोबर आहे, फक्त त्याचं कारण कुणी नीट सांगत नाही. जहाजाचा आकार सोडा. तेच ते काम किती वेळा करावं लागणार आणि पहिल्यांदा चुकलं तर ते झाकता येणार का, हे बघा. त्यासाठी तीन किट शेजारी ठेवू.

पहिलं, मॉडेल शिपवेज कंपनीचं लोवेल ग्रँड बँक्स डोरी, प्रमाण १:२४. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ समुद्रपट्ट्यात कॉड मासे धरायला वापरत ती ही सपाट तळाची होडी. बसायच्या फळ्या काढल्या की डोऱ्या एकीत एक बसवून मोठ्या नौकेच्या डेकवर रचत. मॉडेल जेमतेम वीतभर. याच मालिकेत पुढे नॉर्वेजियन प्रॅम आणि लॉबस्टर स्मॅक या होड्या आहेत आणि प्रत्येक किट आधीच्यात थोडी नवी कसरत घालतं.

दुसरं ब्लूनोज. १९२१ साली नोव्हा स्कोशियातल्या लुनेनबर्गला बांधलेली, कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर दिसते ती दोन डोलकाठ्यांची स्कूनर. डोऱ्या वाहून नेणाऱ्या नौकांपैकीच ही एक, त्यामुळे डोरी करून झालेल्याला इथे ओळखीचं माणूस भेटतं. खरी नौका ४३ मीटरच्या पुढे. १:६४ मध्ये ती पाऊण मीटरच्या आत बसते, पुढचा बोस्प्रिट, म्हणजे टोकाबाहेर निघालेला दांडा, वेगळा.

तिसरं व्हिक्टरी. वेगवेगळ्या कंपन्यांची, साधारण १:७२ पासून १:९८ पर्यंतची किटं मिळतात. १:७२ वालं बोस्प्रिटसकट मीटरच्या बरंच पुढे जातं. घरात तेवढं कपाट कुठे आहे ते आधी बघा. काच नसेल तर वर्षभरात दोरांवर जी धूळ बसते ती काढायला ब्रशही धजत नाही.

आता खरा मुद्दा, फळ्या. ब्लूनोज आणि व्हिक्टरी दोन्हीत प्लायवूडचा कणा आणि त्यावर आडव्या चौकटी असतात, त्यांच्यावर फळ्या चढवायच्या. फळी लावण्याआधी चौकटींच्या कडा तिरप्या घासाव्या लागतात. एक पातळ पट्टी चार-पाच चौकटींवरून वाकवून धरा: ती प्रत्येक कडेला सपाट टेकली पाहिजे. कुठे नुसत्या टोकावर टेकत असेल तर घासायचं राहिलंय, कुठे फट दिसत असेल तर जास्त घासलंय. हा कंटाळा केला की पुढची प्रत्येक फळी त्याची आठवण करून देते. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, जागा कमी होत जाते, म्हणून फळी तिकडे निमुळती करायची. पण मूळ रुंदीच्या निम्म्याखाली नेऊ नये, नाहीतर टोक टिकत नाही. व्हिक्टरीची नाळ गोल, गुबगुबीत. तिथे फळी एकाच वेळी वाकवायची आणि पिळायची असते, तीही गरम पाण्यात भिजवून. ब्लूनोजची नाळ धारदार, त्यामुळे पिळवट बराच कमी. शिवाय ब्लूनोज रंगवायची असते: वर काळी, तळाला लालसर. फटीत पुट्टी भरली, घासली, रंग दिला, कुणाला कळतही नाही. व्हिक्टरीच्या बहुतेक किटांत फळ्यांचे दोन थर असतात, तेव्हा पहिल्यातल्या चुका दुसऱ्याखाली जातात, हे तिच्या बाजूने बोललं पाहिजे. पण मग तेच काम दोनदा.

डोरीत हे प्रकरण वेगळं. फळ्या एकीवर एक चढलेल्या, मोजक्याच आणि लेझरने आकारात कापलेल्या. खालच्या फळीची वरची कड थोडी छिलून दुसरी तिच्यावर बसवायची. मोठ्या जहाजात हा धडा शंभर फळ्यांमध्ये विखुरलेला असतो, इथे तो एका रविवारी समोर येतो. बिघडलं तर नवी फळी घरी कापता येते.

दोरकाम थोडक्यात. डोरीत जवळपास नाही. ब्लूनोजला शिडांचं आणि डोलकाठ्यांना ताणून धरणाऱ्या दोरांचं काम आहे, पण आवाक्यातलं. खऱ्या व्हिक्टरीवर सुमारे २६ मैल दोर होता म्हणतात. मॉडेलमध्ये नुसत्या दोरशिड्यांच्या पायऱ्यांना शेकडो गाठी येतात. तोफांचंही तेच: पहिली गाडी करताना मजा येते, तिसाव्या गाडीला हात दुखतो.

माझं मत विचाराल तर डोरी, आणि ती पुरी झाली की ब्लूनोज. एरोमॉडेलिंग किंवा सुतारकामात हात बसलेला असेल तर सरळ ब्लूनोज घ्या, डोरीत तुमचा जीव रमणार नाही. व्हिक्टरीशिवाय झोप लागत नसेल, तर तिच्या मधल्या भागाचा छेद दाखवणारी छोटी किटं येतात. त्यात तोफाही आहेत, दोरही आहेत आणि काम संपायची शक्यता आहे. पूर्ण व्हिक्टरीला वर्षं जातात. अर्धी राहिलेली व्हिक्टरी कुठल्या ना कुठल्या हौशी माणसाच्या माळ्यावर असतेच, आणि ती विकायला काढली की गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतो, भाग सगळे आहेत का?

पैशांचं म्हणाल तर परदेशातून मागवताना किटच्या किमतीवर पोस्टेज आणि कस्टम ड्यूटी धरूनच हिशेब करा. त्यातही डोरी हलकी पडते. मुंबई-कोकणात राहत असाल तर फळ्यांचं काम पावसाळा सोडून काढा, दमट हवेत लाकूड फुगतं आणि दिवाळीनंतर सांधे उघडतात.

आपल्याकडच्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: कान्होजी आंग्र्यांची गुराब, म्हणजे मराठा आरमारातलं लढाऊ जहाज, का नको? करा की. पण ती किटमधून नव्हे, आराखड्यापासून स्वतः कापून करायची आहे. त्यासाठी एरोमॉडेलिंगच्या दुकानातला बाल्सा आणू नका, तो नखानेसुद्धा दबतो. खरी जहाजं सागाची असली तरी सागाचे उघडे रेषे छोट्या मापात फार जाड दिसतात. बारीक रेषेचं लाकूड शोधावं लागेल, आणि चौकटी कशा घासायच्या हे हाताला आधी माहीत असावं लागेल.