‘पेट नको, कोर्सवर्क नको’ म्हणणाऱ्या पीएचडीच्या एजंटापासून सावध राहा

माझी धाकटी बहीण वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एचआरला आहे. हजेरीपत्रकं, ठेकेदारांची बिलं यातून मान वर काढायला सवड नाही, तरी पीएचडी करायचीच होती. विषयही तिचाच: वर्षानुवर्षं एकाच मशीनवर राबणारे कंत्राटी कामगार कायम का होत नाहीत.

छत्रपती संभाजीनगरातल्या एका ‘रिसर्च कन्सल्टन्सी’वाल्यानं तिला गाठलं. “ताई, पेट नको, कोर्सवर्क नको. दीड वर्षात नावाआधी डॉक्टर लागेल.” पेट म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, आणि कोर्सवर्क म्हणजे पीएचडीत करावा लागणारा वर्गातला अभ्यासक्रम. विद्यापीठ परराज्यातलं. दोन लाख रुपये त्यानं स्वतःच्या खात्यावर घेतले आणि पावतीवर लिहिलं ‘मार्गदर्शन शुल्क’. खरी मेख इथंच आहे. विद्यापीठाची पावती नाही, म्हणजे विद्यापीठाच्या लेखी तुम्ही विद्यार्थीच नाही.

काही महिन्यांनी त्यानं तयार प्रबंधच आणून दिला. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तो चाळायला घेतला. मुखपृष्ठावर वाळूजचे कंत्राटी कामगार, आत तक्ते बेंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे. प्रश्नावलीत विचारलंय, ‘घरून काम करण्याच्या सोयीबद्दल आपण समाधानी आहात का?’ ऋणनिर्देशात भलत्याच कुणाच्या आईवडिलांचे आभार. बहिणीनं सही करायला साफ नकार दिला, आणि त्या दिवसापासून त्याचा फोन बंद. विद्यापीठात चौकशी केली तर तिची नोंदणीच नव्हती; गाईड म्हणून ज्यांचं नाव सांगितलं होतं, त्या प्राध्यापकांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन वर्षं लागतात, कोर्सवर्क सक्तीचं आहे आणि दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं पीएचडी करता येत नाही. नोकरी सांभाळून अर्धवेळ करता येते, पण कंपनीचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीनं राजस्थानातल्या तीन विद्यापीठांना पाच वर्षं पीएचडीचे प्रवेश करायला मनाई केली. तेव्हा नुसतं ‘यूजीसी मान्यताप्राप्त’ एवढ्यावर विसंबू नका. गाईडना स्वतः जाऊन भेटा. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात शोधा.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. तुमच्याकडूनही असे पैसे घेतले असतील तर चॅट आणि व्यवहाराचे स्क्रीनशॉट पुसू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. बहीण आता नेटचा, म्हणजे पीएचडीच्या प्रवेशालाही चालणाऱ्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा अभ्यास करतेय. त्यात कामगार कल्याण, औद्योगिक संबंध आणि मनुष्यबळ व्यवस्थापन मिळून एकच पेपर असतो, आणि पीएचडीचा विषय तिनं तोच, कंत्राटी कामगारांचा ठेवलाय.