सूत्रानं थंड करायचं की नायट्रोजननं?

व्हेस्टा हा लघुग्रह सूर्यापासून सरासरी 2.36 खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतराच्या पट) दूर आहे. पृथ्वीच्या अंतरावरच्या 278 केल्विनला या अंतराच्या वर्गमुळानं भागलं की साधारण 180 केल्विन येतात, म्हणजे उणे 93 अंश सेल्सिअस. प्रयोगशाळेतल्या खनिजांच्या ज्या वर्णपटांशी (परावर्तित प्रकाशाच्या आलेखांशी) आपण तुलना करतो, ते मात्र बहुतेक खोलीच्या तापमानाला घेतलेले असतात, आणि तापमानानं त्यांतले शोषणाचे पट्टे सरकतात. नाशिकमध्ये बसून लघुग्रहाच्या खनिजांवर प्रकल्प करणाऱ्याला ही दरी भरायचे दोन मार्ग आहेत: सूत्रानं दुरुस्ती, किंवा नमुनाच द्रवरूप नायट्रोजननं गार करणं.

सूत्राचा मार्ग फुकट आहे. व्हेस्टासारख्या पायरॉक्सिनसाठी (हे लोह-मॅग्नेशियमचं सिलिकेट खनिज) लघुग्रहाच्या वर्णपटातल्या पहिल्या पट्ट्याच्या मध्यात (0.9 मायक्रॉनजवळ) 0.01656 − 0.0000552 × तापमान मिळवायचं, दुसऱ्याच्या मध्यात (1.9 ते 2 मायक्रॉन) 0.05067 − 0.00017 × तापमान. तापमान केल्विनमध्ये, उत्तर मायक्रॉनमध्ये. 180 केल्विनला ही दुरुस्ती अनुक्रमे 7 आणि 20 नॅनोमीटर भरते. सात म्हणजे किरकोळ, असं समजून ती सोडणारे पुष्कळ. पण फेरोसिलाइट (पायरॉक्सिनमधला लोहाचा वाटा) काढताना पहिला मध्य 1023.4 नं गुणला जातो, दुसरा 205.86 नं. म्हणून ते सात नॅनोमीटर 7 मोल टक्क्यांना पडतात, वीस फक्त 4 ला. आणि त्या गणिताची स्वतःची चूक 3 टक्केच.

ऑलिव्हिन या दुसऱ्या खनिजाला हे सूत्र लावू नका. त्याचा 1 मायक्रॉनचा पट्टा तीन पट्ट्यांची सरमिसळ असतो. थंडीत तो अरुंद होतो, आकारच बदलतो. नुसता मध्य सरकवून भागत नाही. तिथं नमुनाच गार करावा लागतो.

द्रवरूप नायट्रोजन मिळवणं वाटतं तेवढं अवघड नाही, जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी त्याची भांडी गावोगाव फिरतात. दगड अ‍ॅगेटच्या खलात कुटा (लोखंडी खलाचा कीस भुकटीत उतरतो) आणि 45 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळा. तांब्याच्या वाटीत 5 मिलिमीटर थर द्या, वाटी थर्माकोलच्या खोक्यात ठेवून खालून गार करा. 77 केल्विनपर्यंत नेऊन वर येताना 180 ला मोजणं सोपं पडतं. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) वाटीच्या तळाला चिकटवलं तर फसाल: भुकटीतून उष्णता नीट वाहत नाही, हॅलोजन दिव्याखाली वरचा थर तळापेक्षा बराच गरम असतो. टोक पृष्ठभागाच्या लगेच खाली हवं, आणि दिवा मोजण्यापुरताच लावायचा.

खरा शत्रू दव. जुलैच्या नाशिकात उघड्या वाटीवर मिनिटात हिम धरतं. हिमाचे पट्टे 1.5 आणि 2 मायक्रॉनला, म्हणजे दुसरा नेमका पायरॉक्सिनच्या डोक्यावर. 1.5 ला खड्डा दिसला की तो वर्णपट सरळ टाकून द्या. उकळणाऱ्या नायट्रोजनचा वायू नळीनं नमुन्यावर सोडला तर हवेतली ओल लांब राहते. खिडक्या उघड्या ठेवा, कारण 1 लिटर द्रवाचा जवळपास 700 लिटर वायू होतो. भांड्याला घट्ट झाकण तर कधीच लावू नका.

तुमच्या वर्णपटमापीत सिलिकॉनचा डिटेक्टर असेल तर तो 1.1 मायक्रॉनच्या आतच संपतो. दुसरा पट्टा दिसतच नाही, ऑलिव्हिनचा उजवा उतारही अर्धवट. मग नायट्रोजनचे पैसे वाया, सूत्रच वापरा. 2.5 मायक्रॉनपर्यंतचं यंत्र आणि ऑलिव्हिनप्रधान लघुग्रह, दोन्ही असतील तरच गार करण्याचा घाट घाला.

सरावाला इथला बेसाल्ट चालेल, पण त्यातलं ऑजाइट हे पायरॉक्सिन चुनायुक्त (कॅल्शियमवालं). वरचं सूत्र त्यालाही लागू नाही. शिवाय पोकळ्यांतले झिओलाइट (पाणी धरून ठेवणारी खनिजं) वेचून काढा, त्यांचं पाणी 1.4 आणि 1.9 मायक्रॉनला हजेरी लावतंच.