मेंदूच्या शिरांना मार: सीटी व्हेनोग्राफी, एमआर व्हेनोग्राफी की डीएसए?

लोकलमधून पडलेला किंवा ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर बाइकवरून उडालेला माणूस रात्री सायनला किंवा केईएमला आणला, की आधी साधा सीटी होतो. त्यात कवटीची चीर मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या मोठ्या सायनसवरून गेलेली दिसली (नाकाच्या सायनसशी याचा संबंध नाही), की डॉक्टर व्हेनोग्राफी, म्हणजे मेंदूच्या शिरांचं चित्रण, सांगतात. मग नातेवाइकांची धावाधाव सुरू होते: कुठली, कुठे आणि कितीला?

ताज्या अपघातात माझं मत सरळ सीटी व्हेनोग्राफीला. कोपराजवळ जरा जाड सुई, त्यातून आयोडीनचं कॉन्ट्रास्ट (शिरा उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध), चाळीसेक सेकंदांनी स्कॅन, की झालं. हाड आणि सायनस एकाच वेळी दिसतात, हा तिचा खरा फायदा. सायनसमध्ये गुठळी झाली आहे, की हाडाखाली साचलेलं रक्त त्याला बाहेरून दाबतंय, हे ठरवायचं असतं. गुठळी असेल तर रक्त पातळ करायच्या औषधाचा विचार होतो. नुसता दाब असेल तर तेच औषध अंगलट येऊ शकतं. किरणांचा डोस पडतो, कॉन्ट्रास्टची ॲलर्जी होऊ शकते, आणि किडनी आधीच नाजूक असेल तर रक्तातलं क्रिएटिनिन पाहावं लागतं. तरीही जीव धोक्यात असताना मी एमआरआयच्या नंबरासाठी थांबणार नाही.

एमआरआय मशीनवर होणारी एमआर व्हेनोग्राफी वाईट नाही, तिची वेळ वेगळी. साध्या पद्धतीत सुईसुद्धा टोचावी लागत नाही, म्हणून गरोदर बाईला किंवा वारंवार तपासणी लागणाऱ्याला तीच बरी. कानामागून डोक्यातली गाठ काढल्यावर चार दिवसांनी पेशंट सुस्त झाला, तर सोबतचे एमआरआयचे फोटो मेंदूची सूज, बारीक रक्तस्राव आणि मेंदूच्या पृष्ठभागावरच्या छोट्या शिरांतली गुठळीही पकडतात; सीटीत ती सहज निसटते. पण पेशंटला बराच वेळ निश्चल पडून राहावं लागतं, आणि व्हेंटिलेटरवरच्या माणसाला आत नेणं म्हणजे दिव्य, कारण तिथलं चुंबक लोखंडी वस्तू खेचून घेतं. 2018 मध्ये मुंबईतल्याच एका रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या नातेवाइकाचा जीव गेला होता. शिवाय रिपोर्टमध्ये ‘फ्लो दिसत नाही’ वाचून लगेच घाबरू नका. पुष्कळांची एका बाजूची, बरेचदा डावी, ट्रान्सव्हर्स सायनस (डोक्याच्या मागची आडवी) जन्मतःच बारीक असते; तिथलं संथ रक्त या बिनसुईच्या पद्धतीत उमटत नाही आणि गुठळीचा भास होतो.

डीएसएत जांघेतून किंवा मनगटातून धमनीत नळी घालून कॉन्ट्रास्ट सोडतात आणि एक्स-रेने रक्तवाहिन्यांचं चित्रण करतात. रक्त कुठून येतं, किती वेळाने निघतं, हे इतकं स्पष्ट दुसरं काही दाखवत नाही. पण अर्धांगाचा धोका, थोडा का होईना, असतो. म्हणून आधीच्या दोन्ही तपासण्यांत घोळ राहिला, मारानंतर धमनी-शिरेचा चुकीचा जोड झाल्याचा संशय आला, किंवा नळीतूनच इलाज करायचा असेल तरच.

हॉस्पिटल बदलताना नुसत्या फिल्म्स नेऊ नका, सीडी मागून घ्या. गुठळी आहे की नाही, हे फिल्मवरच्या मोजक्या चौकटींत नाही, बारीक काप एकेक करून कॉम्प्युटरवर सरकवताना कळतं. सीडी असेल तर पुन्हा कॉन्ट्रास्ट देण्याची वेळही बरेचदा टळते.