कोकोपीटची 650 ग्रॅमची वीट: गोव्याच्या हवेत वापरायची कशी?

घरातलं झाड कुंडीतून काढायचं, मुळं छाटायची आणि परत लावायचं, यासाठी ही वीट फार सोयीची आहे. वजनाला हलकी, बाल्कनीत माती सांडत नाही, मुळांना पसरायला भुसभुशीत जागा मिळते. नारळाच्या सोडणाचा चुरा दाबून केलेली ही वीट 3-4 लिटर पाण्यात फुगून 8-9 लिटर होते. 8 इंची कुंडीत साधारण 4 लिटर मिश्रण मावतं, तेव्हा निम्मं कोकोपीट घातलं तर एका विटेत चार कुंड्या होतात.

पाकिटावर मात्र बहुधा ‘भिजवा आणि लावा’ एवढंच असतं, आणि झाडं मरतात ती तिथेच. सोडणात मुळातच सोडियम-पोटॅशियमचे क्षार असतात. ती खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतील तर आणखी. न धुता लावलं की पानांची टोकं करपतात आणि लोक पाणी कमी पडलं समजून आणखी ओततात. फुगलेलं कोकोपीट जुन्या सुती कापडात घेऊन तीनदा धुवा. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र) असेल तर शेवटच्या पाण्याचा आकडा नळाच्या पाण्याच्या जवळपास यायला हवा. मग लिटरला साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घातलेल्या पाण्यात रात्रभर ठेवून पिळा. ही पायरी गाळली तर कोकोपीट झाडाचं कॅल्शियम स्वतःकडे ओढतं आणि नवी पानं वेडीवाकडी येतात.

दुसरी अडचण आपल्या पावसाची. कोकोपीट वरून कोरडं दिसतं, पण बोट दोन पेरं आत घाला, खाली चिंब असतं. जुलैच्या दमट हवेत नुसत्या कोकोपीटमधली मुळं आठवड्याभरात काळी पडू शकतात, वर बारीक माश्या होतात त्या वेगळ्या. म्हणून पीस लिली, मनी प्लांटसाठी 2 भाग कोकोपीट, 1 भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे), 1 भाग गांडूळखत. स्नेक प्लांट, झीझी प्लांटला कोकोपीट एकच भाग, आणि चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) वाटाण्याएवढे तुकडे किंवा जाड रेती 2 भाग. तुकडे मिश्रणात कालवा. तळाशी थर दिला तर पाणी त्या थराच्या वरच अडतं.

मुळांची छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, नाहीतर चवथ (गणेश चतुर्थी) होऊन पाऊस ओसरल्यावर. आदल्या दिवशी पाणी द्या, म्हणजे गोळा सलग निघतो. तळाशी गोल गोल फिरलेली मुळं धारदार कात्रीने कापा, कडेने तीन-चार उभे काप द्या. पांढरं, ताठ मूळ जिवंत. तपकिरी, दाबल्यावर साल सुटून आतला दोरा हातात राहतो ते कुजलेलं, पूर्ण काढा. रबर प्लांट, मनी प्लांट एक तृतीयांश मुळं गेली तरी सावरतात, वरची थोडी पानंही कमी करा. अरेका पामच्या मुळांना कात्री लावूच नका, एक माप मोठी कुंडी द्या. झीझीचे कंद कापू नका, फार तर वेगळे करा. छाटलेलं झाड त्याच मापाच्या कुंडीत परत लावा, खोड आधी होतं त्याच पातळीला ठेवा आणि काठाखाली इंचभर जागा सोडा. पंधरा दिवस सावलीत, मिश्रणातल्या गांडूळखताशिवाय महिनाभर वेगळं खत नाही.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेलं रोप बहुतेकदा तांबड्या चिकट मातीच्या गोळ्यात असतं. तो गोळा तसाच कोकोपीटमध्ये बसवला तर भोवतीचं कोकोपीट पाणी पितं आणि आतला गोळा एक तर कोरडा ठणठणीत राहतो, नाहीतर चिखल होतो. बादलीत अर्धा तास भिजवून निदान बाहेरची माती बोटांनी सोडवून घ्या. पण कोवळ्या मुळांवर जोर करू नका.

घेताना ‘धुतलेलं’ किंवा ‘कमी ईसी’ (म्हणजे कमी क्षार) लिहिलेली वीट घ्या, थोडी महाग असली तरी धुण्याच्या दोन बादल्या वाचतात. कोपरा चुरून पाहा: लांब तंतू जास्त निघाले तर ती परत ठेवा, तशात पाणी धरत नाही. उरलेलं कोकोपीट उन्हात पूर्ण सुकवूनच पिशवीत भरा; जूनमध्ये ओलं बांधून ठेवलं तर बुरशी धरतं.