काठीला बांधलेला ख्रिसमस ट्री घेताना आम्ही फसलो, तुम्ही फसू नका

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये कोल्हापुरात फुलेवाडी रिंगरोडला रोपांचा एक टेम्पो उभा असायचा. सासऱ्यांना परड्यात एक उंच, बारमाही हिरवं झाड हवं होतं. देवदाराला आपली हवा मानवत नाही, पण अरोकेरिया, ज्याला आपण ख्रिसमस ट्री म्हणतो, तो इथं चांगला येतो. मूळचा पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटावरचा. तिथं तो ५० मीटरच्याही वर जातो.

"वहिनी, दहा वर्षांत गच्चीच्या वर जाईल बघा," विक्रेता म्हणाला. कमरेएवढी दोन रोपं, प्रत्येकी १,८०० रुपये. दोन्ही बांबूच्या काठीला शेंड्यापर्यंत सुतळीनं घट्ट बांधलेली. वाऱ्यानं मोडू नयेत म्हणून बांधलीत, असं सांगितलं. आम्हाला ते पटलं.

पावसाळ्यात सुतळी कुजली आणि दोन्ही रोपं आडवी झाली. पुन्हा बांधली, पुन्हा वाकली. खत घातलं, पाण्याचा निचरा व्हावा म्हणून चर काढला. सासरे रोज सकाळी काठी सरळ करायचे. दोन वर्षं अशी गेली.

शेवटी कागलकडच्या एका जुन्या रोपवाटिकेतल्या माळीकाकांना फोटो दाखवले. बघताक्षणी म्हणाले, "हे बाजूच्या फांदीचं कलम आहे. हे जन्मात उभं राहणार नाही."

अरोकेरियाची आडवी फांदी लावली तर मुळं धरते, जगते, पण ती फांदीसारखी आडवीच वाढत राहते. सरळ झाड फक्त बियाचं किंवा शेंड्याच्या छाटाचं होतं. शेंडा झाडाला एकच, तो कापला की मूळ झाडाचा आकार बिघडतो. फांद्या मात्र डझनांनी मिळतात. चुकून झालं असेल, असं मला वाटत नाही. चूक असती तर शेंड्यापर्यंत काठी कशाला बांधली असती?

घेताना रोप वरून बघा. खऱ्या रोपाला एकाच उंचीवर चहूबाजूंनी चांदणीसारख्या फांद्या फुटतात. फांदीच्या कलमाला दोनच बाजूंना, पिसासारख्या चपट्या. आणि पैसे देण्याआधी सुतळी सोडायला सांगा. सोडत नसेल तर तिथूनच परत फिरा.

विक्रेत्याचा फोन बंद आहे. सासरे ८१ वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात माळीकाकांकडून बियाचं वीतभर रोप आणलं. त्याला काठी नाही.