वेलिंगबरोतली दोन नवी घरं: भाड्याने देऊन वर्ष उलटल्यावरचा अनुभव

मिल्टन कीन्समधल्या आपल्या मंडळींच्या गप्पा हल्ली फिरून फिरून बाय-टू-लेटवर, म्हणजे भाड्याने देण्यासाठी घर घेण्यावर, येतात आणि "नव्या घराला कटकट नसते" हे वाक्य ऐकू येतंच. वेलिंगबरोतल्या माझ्या दोन नव्या घरांत भाडेकरू राहायला येऊन वर्ष उलटलं, म्हणून सविस्तर लिहितो. दोन्ही घरं तीन बेडरूमची, फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट मालकीची. भाडं वेळेवर येतं आणि भाडेकरू समाधानी आहेत. कटकट मात्र आहे, ती वेगळ्या ठिकाणी आहे.

आधी गावाबद्दल. नॉर्थॅम्प्टनशरमधलं हे जुनं बाजाराचं गाव, बाजाराची सनद १२०१ सालची. एकेकाळी इथलं पोट चामड्याच्या बुटांवर चालायचं, आता आसपासच्या मोठमोठ्या वेअरहाउसवर चालतं. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनला ट्रेन तासाभरात पोचवते आणि २०२१ पासून कॉर्बी-लंडन मार्गावर विजेच्या गाड्या धावतात. माझ्या एका घरात केटरिंगच्या हॉस्पिटलमधली नर्स आणि तिचा वेअरहाउसमध्ये रात्रपाळी करणारा नवरा राहतात. अशा गावात भाडेकरू शोधावा लागत नाही, निवडावा लागतो.

आता घरांबद्दल. ताबा घेण्याआधी मी स्वतंत्र स्नॅगिंग इन्स्पेक्टर, म्हणजे नव्या घरातले दोष शोधून देणारा तपासनीस, लावला आणि हा खर्च कुणीही टाळू नये असं माझं ठाम मत आहे. त्याने आरशाने दारांच्या वरच्या कडा तपासल्या, तिथे रंगच नव्हता. थर्मल कॅमेऱ्यात मागच्या बेडरूमच्या छताचा एक कोपरा निळाशार, म्हणजे थंड, दिसला. लॉफ्टमध्ये (छतावरच्या माळ्यावर) चढून पाहिलं तर इन्सुलेशनचा गठ्ठा गुंडाळलेलाच पडला होता, त्या कोपऱ्यात पसरायचा राहून गेला होता. भिंती आतून रंगवून चकाचक असताना डोळ्यांना हे कळणं शक्यच नव्हतं. बिल्डरने ते दुरुस्त केलं, पण ईमेलचा पाठपुरावा करून करून. मागच्या अंगणातली हिरवळ अजून पाणी धरते, कारण खाली चिकणमाती आणि विटांचे तुकडे आहेत. वॉरंटी १० वर्षांची म्हणतात, पण बिल्डर स्वतः दोष दुरुस्त करून देतो तो पहिली २ वर्षं. नंतर उरतो तो मुख्यतः बांधकामातल्या मोठ्या दोषांचा विमा. त्यामुळे किरकोळ वाटलं तरी सगळं लेखी कळवत राहा, फोटोसकट.

पहिल्या हिवाळ्यात भिंतींना केसासारख्या चिरा पडल्या आणि खिडक्यांवर पाणी साचलं. प्लास्टर वाळत असताना हे होतंच. भाडेकरूंनी थंडीमुळे खिडक्यांवरचे ट्रिकल व्हेंट, म्हणजे हवा खेळती ठेवणाऱ्या बारीक फटी, बंद केले होते, ते उघडे ठेवायला समजावून सांगितल्यावर फरक पडला. गॅसचं बिल जुन्या घरांच्या मानाने खूपच कमी येतं, ही गोष्ट भाडेकरू आवर्जून सांगतात.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो इस्टेट चार्जचा. वसाहतीतले रस्ते आणि हिरवे पट्टे काउन्सिलने ताब्यात घेतलेले नाहीत, त्यांची निगा एक मॅनेजमेंट कंपनी राखते आणि वर्षाला बिल पाठवते. काउन्सिल टॅक्स तर पूर्ण आहेच. लीजहोल्डवाल्यांना, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घर घेतलेल्यांना, अशा बिलाविरुद्ध ट्रिब्युनलकडे (न्यायाधिकरणाकडे) जाता येतं. फ्रीहोल्डवाल्यांना तो हक्क देणारी तरतूद २०२४ च्या कायद्यात आहे, पण मी हे लिहीपर्यंत ती लागू झालेली नाही. दुसऱ्या घरच्या भाडेकरूने कामाची व्हॅन दारात लावली तर लगेच पत्र आलं, कारण करारात व्यावसायिक वाहनांना मनाई आहे. बिचारा रोज दोन गल्ल्या पलीकडून चालत येतो. हे कलम सॉलिसिटरकडून (वकिलाकडून) आधी वाचून घ्या, आणि भाडेकरूलाही सही करण्याआधी सांगा.

आकड्यांकडे येतो. २,८०,००० पौंडांचं घर दुसरं घर म्हणून घेतलं तर स्टॅम्प ड्युटी १८,००० पौंड होते. स्वतःला राहायला एकच घर घेणाऱ्याला, ते आयुष्यातलं पहिलंच घर नसेल तर, ती ४,००० पडते. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस दुसऱ्या घरावरचा अधिभार ३ वरून ५ टक्के झाला, त्याचा हा परिणाम. पुण्यात राहून इथे घर घेऊ म्हणणाऱ्यांना, म्हणजे इथले रहिवासी नसलेल्यांना, आणखी २ टक्के.

त्यानंतर आयकर. समजा वर्षाचं भाडं १५,६०० आणि कर्जाचं व्याज १०,००० पौंड. ४० टक्क्यांच्या पट्टीत असाल तर कर पूर्ण भाड्यावर लागतो, ६,२४०, आणि व्याजापोटी फक्त २० टक्के सवलत मिळते, २,०००. भाड्यातून व्याज आणि उरलेला ४,२४० कर गेला की हातात राहतात १,३६०. त्यातून एजंट, विमा, गॅसची वार्षिक तपासणी आणि इस्टेट चार्ज भागवायचा. हे खर्च करपात्र उत्पन्नातून वजा होतात, तरी मासिक कमाई म्हणून हाताला फारसं काही लागत नाही. एप्रिल २०२७ पासून भाड्याच्या उत्पन्नावरचा कर २ टक्क्यांनी वाढणार आहे. नवरा-बायकोपैकी कमी पट्टीत कोण आहे, हे घर नावावर करण्याआधीच पाहा.

भाडेकरूंच्या हक्कांच्या नव्या रेंटर्स राइट्स कायद्याने १ मे २०२६ पासून कारण न देता घर खाली करून घेता येत नाही. मला त्याची धास्ती नाही. नर्सच्या कुटुंबाला मुलाची शाळा संपेपर्यंत तिथेच राहायचं आहे, आणि मलाही तेच हवं आहे.

तिसरं घर घ्यायचा विचार आहे. या खेपेला मात्र रस्ते काउन्सिलने ताब्यात घेतलेली, आठ-दहा वर्षं जुनी वसाहत बघतो आहे.