रीफाइंड बूट मॅनेजर: एकाच मशीनवर दोन-तीन ओएस असतील तर वापरून बघाच

रीफाइंड म्हणजे मशीन चालू होताना कोणती ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) उघडायची ते निवडू देणारा प्रोग्रॅम. हेच काम करणारं, लिनक्ससोबत येणारं ग्रब वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, बहुतेक डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरासारखी लिनक्सची रूपं) आजही तेच देतात आणि मशीनवर एकच लिनक्स असेल तर ते बदलायची काही गरज नाही. पण विंडोज, उबुंटू आणि जोडीला फेडोरा नाहीतर आर्च असं सगळं एकत्र नांदवायचं असेल तर प्रत्येक डिस्ट्रो आपलं ग्रब टाकतं, बूट ऑर्डरमध्ये स्वतःला वर ठेवतं, आणि मग एकात कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाला की दुसऱ्याच्या ग्रबला त्याचा पत्ताच नसतो, तिकडे जाऊन यादी नव्याने बनवायला अपडेट-ग्रब ही कमांड मारा. त्यात 2021 च्या 2.06 व्हर्जनपासून ग्रबने दुसऱ्या ओएस शोधणारं ओएस-प्रोबर बाय डिफॉल्ट बंद केलं, त्यामुळे "मेनूतून विंडोज गायब झालं" ही तक्रार सारखी ऐकू येते.

रीफाइंडची खरी मजा हीच की ते आधी बनवलेली यादी दाखवतच नाही. मशीन चालू झालं की दर वेळी डिस्क स्वतः बघतं, ईएफआय पार्टिशनवर (बूटच्या फाइल ठेवायच्या डिस्कवरच्या छोट्या भागात) कोणकोणते बूटलोडर, म्हणजे ओएस चालू करणारे प्रोग्रॅम, आहेत, बूट फोल्डरमध्ये कोणते कर्नल आहेत, आणि जे सापडेल त्याचे आयकॉन मांडतं. नवीन ओएस टाकली, दिसली. काढून टाकली, आयकॉन गेला. बस. रॉड स्मिथ यांनी जुन्या रीफिट प्रोजेक्टवरून 2012 मध्ये हे सुरू केलं, आणि त्याच सुमारास लिनक्स कर्नलमध्ये 3.3 पासून ईएफआय स्टब आला होता, म्हणजे कर्नल फर्मवेअरकडून (मदरबोर्डमधल्या सॉफ्टवेअरकडून) थेट चालू होऊ शकतो, मध्ये ग्रब लागतच नाही. ईएक्सटी4 आणि बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टिमचे ड्रायव्हर रीफाइंडसोबतच येतात त्यामुळे तिथले कर्नल ते स्वतः वाचतं, सगळ्यात नवीन पुढे ठेवतं, आणि जुना हवा असेल तर आयकॉनवर एफ2 दाबायचं, बाकीचे तिथे असतात. नवीन कर्नलने ग्राफिक्सची वाट लावली की हे एफ2 फार कामाला येतं.

रीफाइंडच्या स्वतःच्या सेटिंगची फाइल एकच, रीफाइंड डॉट कॉन्फ, आणि तिच्यात प्रत्येक ऑप्शनवर इतक्या सविस्तर कॉमेंट आहेत की बाहेर शोधायची वेळ क्वचितच येते. टाइमआउट मुळात 20 सेकंद असतो, तो मला जास्त वाटतो, 5 पुरे. डिफॉल्ट सिलेक्शनमध्ये नुसतं अधिक चिन्ह टाकलं की मागच्या वेळी जी ओएस उघडली होती तीच पुन्हा निवडलेली येते, विंडोजचे अपडेट मध्ये दोन-तीनदा रीस्टार्ट मागतात तेव्हा याची किंमत कळते. सुरुवातीला आयकॉनची गर्दी होते, एकाच डिस्ट्रोचं ग्रब पण दिसतं आणि कर्नल पण, नको त्यावर जाऊन डिलीट दाबा, फाइल उडत नाही, नुसता आयकॉन लपतो.

आता जिथे जपायला हवं ते. कर्नलचे ऑप्शन बूट फोल्डरातल्या रीफाइंड-लिनक्स डॉट कॉन्फ मध्ये असतात आणि इन्स्टॉल स्क्रिप्ट ते चालू सिस्टिमवरून उचलते, म्हणून लाइव्ह यूएसबीवरून सीएचरूट करून (म्हणजे पेनड्राइव्हवरच्या लिनक्समधून डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरून) इन्स्टॉल केलंत तर त्या लाइव्ह यूएसबीचेच ऑप्शन तिथे लिहिले जातात आणि बूट अडकतं, ती फाइल उघडून रूटचा यूयूआयडी (लिनक्सच्या मुख्य पार्टिशनचा ओळख क्रमांक) बरोबर आहे ना ते बघाच, बीटीआरएफएस असेल तर सबव्हॉल्यूमचा फ्लॅग पण. सिक्युअर बूट (सही असलेलेच बूट प्रोग्रॅम चालू देणारी सोय) चालू ठेवायचं असेल तर शिम हा सही असलेला छोटा बूटलोडर लागतो आणि त्याच्या मॉकमॅनेजरमध्ये की एनरोल करावी लागते, जमतं, पण नवख्या माणसाला हाच भाग सगळ्यात अवघड जातो. ऑगस्ट 2024 च्या विंडोज सिक्युरिटी अपडेटनंतर जुन्या शिमवाले बरेच ड्युअल बूट सेटअप अडकले होते, तेव्हा शिम अपडेटेड ठेवा. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर बूटला हात लावायच्या आधी रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते, कारण बूटची साखळी बदलली की विंडोज ती की मागू शकतं आणि नसेल तर डेटा गेलाच.

बूट पार्टिशन एलव्हीएमवर (लिनक्सची डिस्कची जागा वाटायची पद्धत) किंवा एन्क्रिप्टेड असेल तर रीफाइंडला कर्नल वाचता येत नाही, तिथे ग्रबच ठेवा आणि हवं तर रीफाइंडमधून ग्रबला बोलवा. जुन्या बायॉस मशीनवर याचा विचारच करू नका, हे यूईएफआयसाठी, म्हणजे बायॉसच्या जागी आलेल्या नव्या फर्मवेअरसाठी आहे.

थेट इन्स्टॉल करायला धीर होत नसेल तर त्यांची पेनड्राइव्ह इमेज मिळते, तिच्यावरून बूट करून आपल्या डिस्कवरचं काय काय दिसतंय ते आधी बघता येतं. नाहीच पटलं तर ईएफआय-बूट-एमजीआर या कमांडने बूट ऑर्डरमधली एंट्री काढायची, ईएफआय पार्टिशनवरचा रीफाइंडचा फोल्डर उडवायचा, विंडोजचा बूटलोडर आणि ग्रब काढले नसतील तर तिथेच शाबूत असतात.